भाच्याला राक्षस कितव्या वर्षी?

सिनेमाला सेन्सॉर बोर्ड आहे. २०२४ पासून तर 'यूए'चेही ७, १३ आणि १६ वर्षं असे तीन तुकडे झालेत. व्हिडिओ गेम्सना मात्र आपल्याकडे असं देशी सर्टिफिकेटच नाही. मग बोर्ड कोण? अर्थात मावशी! घरातला राऊटर जिला कळतो तिला गेमही कळणार, असं एकूण कुटुंबाचं लॉजिक. तुम्ही आयटीत असाल तर तुमचीही सुटका नाही.

माझ्या अकरा वर्षांच्या भाच्याला हवाय 'एल्डन रिंग'. फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीनं २०२२ मध्ये काढलेला हा डार्क फँटसी गेम. त्या जगाचा जुना इतिहास रचलाय 'गेम ऑफ थ्रोन्स'वाल्या जॉर्ज मार्टिननं. अमेरिकेत त्यावर १७ वर्षांपुढचा शिक्का आहे, युरोपात १६ चा. ताईचं म्हणणं एकच, "अगं, किती भयानक दिसतं ते!"

इथे माझं तिच्याशी जमत नाही. आपल्या शहरातल्या शाळेची सहल वेरूळला जातेच जाते. १५ नंबरच्या लेण्यात नरसिंह हिरण्यकशिपूवर झडप घालतोय. २९ नंबरमध्ये शंकर अंधकासुराला मारतोय. २१ नंबरमध्ये तर चक्क हाडांचे सापळे आहेत. चौथीतली पोरं हे सगळं बघतात, बाहेर येऊन डबा खातात आणि रात्री गाढ झोपतात. पण तिथला शूल शंकराच्या हातात असतो, पोराच्या नाही. आणि शेवटी कोण जिंकणार हे आजीनं आधीच सांगून ठेवलेलं असतं.

म्हणून एका रविवारी मित्राचा कन्सोल ताईच्या हॉलमध्ये आणला आणि भाच्याच्या शेजारी बसून बघितलं. तो घाबरला नाही. चिडला मात्र भरपूर. या गेममध्ये माणूस सारखा मरतो, आणि मेला की कमावलेले 'रून्स' तिथेच पडतात. ते उचलायच्या आत पुन्हा मेलात तर गेले कायमचे. त्यात नेहमीसारखं पॉजचं बटण नाही. म्हणजे जेवायला हाक मारल्यावर पोरगं "एकच मिनिट" म्हणतं ना, तेव्हा ते खोटं बोलत नसतं. गेम त्याला ते मिनिट देतच नाही! सकाळी सातची शाळा असलेल्या मुलासाठी मला राक्षसांपेक्षा हे जास्त डेंजरस वाटतं.

पण खरी विकेट पडली ती सोफ्यावर. मागे सहा वर्षांची धाकटी बसली होती. गेमच्या सुरुवातीलाच एक राक्षस येतो, अंगाला भलतेसलते हातपाय जोडलेला. तिनं विचारलं, "ते हात कुणाचे?" खरं उत्तर असं, की दुसऱ्यांचे तोडून लावलेले. मी टीव्ही बंद केला. तो आठवडाभर ती लाइट लावून ताईच्या कुशीत झोपली.

पाकिटावरचा १६ किंवा १७ चा आकडा फक्त कंट्रोलर हातात असलेल्याचा विचार करतो. सिडकोतल्या टू बीएचकेमध्ये टीव्ही हॉलमध्ये असतो, आणि हॉलमध्ये सगळेच असतात.

माझा निकाल: आत्ता नाही. तोपर्यंत 'राजी'. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये आणलेला, त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या गटात नॉमिनेशन मिळवलेला. सर्कशीतली मुलगी, राक्षसांनी पळवलेला तिचा भाऊ गोलू, आणि गोष्ट सांगतात दुर्गा आणि विष्णू. मारामारी यातही आहे, उगाच सात्त्विक समजू नका. पण मधली गोष्ट सावल्यांच्या बाहुल्यांमधून उलगडते, पॉज होतो, आणि पाच-सहा तासांत सगळं संपतं. धाकटीही मागे बसून बघते. तिला गोलू सापडायला हवा असतो, बस्स.

भाच्याचा अभिप्राय: "ग्राफिक्स ओके. तू पण आईसारखीच निघालीस."

परवा त्याचा मेसेज आला, 'मार्गिटला कसं हरवायचं?' मार्गिट म्हणजे 'एल्डन रिंग'मधला पहिला मोठा अडसर. म्हणजे साहेब मित्राच्या घरी पोचलेत तर! लपवण्यापेक्षा मला विचारतोय, हे मला बरं वाटलं. ओरडले नाही. एवढंच टाइप केलं, 'तिथे मागे कुणी लहान बसलंय का?'