सेवाभावाचं लायसन दाखवा

एसटीत तिकिटं द्यायची तर कंडक्टरला लायसन लागतं, बिल्ला लागतो. अंथरुणाला खिळलेली चाळीस म्हातारी माणसं सांभाळायला काय लागतं? भाड्याचा बंगला, लोखंडी खाटा आणि बोर्डावर एखादं हळवं नाव.

मावशीसाठी जागा बघायला असल्या एका केंद्रात गेले होते. संचालक पूर्वी प्लॉट विकायचे. विचारलं, रात्री पेशंटची कूस किती वेळाने बदलता? "अहो ताई, आम्ही घरच्यासारखं ठेवतो!" शेजारीच एक आजोबा ओढणीने खाटेला बांधलेले. पडू नयेत म्हणून.

हे घरच्यासारखं आता पुरे. पाठीला जखमा होतात त्या माया आटली म्हणून नव्हे. दर दोन तासांनी कूस बदलायला रात्रपाळीत हात नसतात म्हणून. आडवं ठेवून पेज भरवली तर ती फुप्फुसात जाऊ शकते, हे ज्याला ठाऊक नाही तो कितीही प्रेमळ असो, त्याच्या हाती माझी मावशी द्यायची नाही.

कायदा? १९४९च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्यात आजारी, जखमींबरोबर दुर्बलांची शुश्रूषाही येते. पण 'आम्ही फक्त राहण्याची सोय करतो' म्हटलं की सुटका! नाकात राइल्स ट्यूब, खाली कॅथेटर आणि रजिस्टरात 'निवासी'. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने जिल्ह्याजिल्ह्यात दीडशे जणांच्या वृद्धाश्रमांची गोष्ट केली. केअर होमच्या नोंदणीचं कलम २०१९च्या दुरुस्ती विधेयकात आलं आणि २०२४मध्ये लोकसभेबरोबरच ते विधेयकही संपलं. कुणाला हळहळ वाटल्याचं ऐकलं नाही.

अमेरिकेने १९६७मध्येच कायदा करून राज्यांना नर्सिंग होमचा प्रशासक परवानाधारकच हवा असं बजावलं. परीक्षा आहे, बहुतेक राज्यांत अनुभवी प्रशासकाच्या हाताखाली उमेदवारीही आहे. तरी करोनात तिथल्या नर्सिंग होममध्ये माणसं हजारोंनी गेली, हे मला सांगायला येऊ नका, माहीत आहे. परवान्याने देवमाणसं तयार होत नाहीत. पण जो दिला तो काढून घेता येतो. आमच्या प्लॉटवाल्यांकडून काय काढून घेणार?

परीक्षा घ्या म्हटलं की लाचेचा नवा काउंटर उघडेल म्हणतात. उघडेलही. म्हणून आरटीओ बंद केलंत का?

पहिला प्रश्न मीच काढून देते: रात्री अडीचला आजी बाथरूममध्ये पडल्या, डोक्याला मार लागलाय, काय कराल? 'सकाळी मुलाला कळवू' लिहिणाऱ्याला नापास करा आणि त्याच्या बंगल्याला टाळं लावा.