टँक : गेला टाके होऊन, आला टाकी होऊन



परवा शेजारचा सातवीतला मुलगा इंग्रजीचे पुस्तक घेऊन ओटीवर आला. धड्यात महाडची माहिती होती आणि तीत ‘चवदार टँक’ असे लिहिले होते. पोरगा म्हणाला, “काका, महाडचं चवदार तळं मी पाहिलंय. पण ही चवदार टाकी कुठं आहे?”

हसू नका. तुमचा-आमचाही असाच घोटाळा होतो. टँक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे घरावरची काळी टाकी येते, नाहीतर ट्रॅक्टरची डिझेलची टाकी, फवारणीच्या पंपाची टाकी. इंग्रजाने मात्र आपल्या देशात तळे, तलाव, टाके या सगळ्यांना सरसकट टँकच म्हटले. सरकारी कागदांत ती रीत आजही आहे. पाझर तलावाच्या इंग्रजी कागदावर ‘परकोलेशन टँक’ लिहितात. तिथे टाकी शोधू नका. बांध घालून अडवलेले, जमिनीत मुरून खालच्या विहिरींना मिळणारे पाणी, असा त्याचा अर्थ. भंडारा-गोंदियाकडचे जुने मालगुजारी तलावसुद्धा इंग्रजीत टँकच.

आता गंमत ऐका. हा शब्द इंग्रजाने आणला कुठून? इंग्रजी कोशकार त्याचे मूळ शोधताना गुजराती आणि मराठीतल्या ‘टाके’ या शब्दाकडे बोट दाखवतात. पोर्तुगीजांच्या भाषेतही असाच एक शब्द आहे, त्याचाही हातभार लागला असावा, असे ते म्हणतात. टाके म्हणजे काय, हे महाडकरांना सांगायला नको. रायगडावर ‘बारा टाकी’ आहेत. कातळ फोडून, कोरून केलेली. पावसाळ्यात भरायची आणि गडाला पुरवायची. गांधारपाल्याच्या लेण्यांतही अशीच टाकी कोरलेली आहेत. म्हणजे आपले टाके परदेशी गेले, टँक झाले आणि टाकी होऊन पुन्हा आपल्याच छपरावर येऊन बसले.

या शब्दाला आणखी एक अर्थ चिकटला, तो लढाईत. महाड तालुक्यातले फौजी आंबवडे हे गाव तर सैनिकांचे गाव म्हणूनच ओळखले जाते. तिथल्या एखाद्या निवृत्त जवानाला टँक म्हणजे काय विचारा, तो रणगाडा म्हणेल. पाण्याची टाकी कुठे आणि तोफ घेऊन चालणारा लोखंडी गाडा कुठे! पण त्यालाही कारण आहे. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, इंग्रजांनी हा गाडा गुपचूप बांधायला घेतला. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून, हे पाणी वाहून नेण्याचे टँक आहेत, अशी हूल उठवली. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये ते प्रथम रणांगणावर उतरले, तोवर थापेतले नाव कायमचे झाले होते.

टँकला शेवटी ‘अर’ जोडला की झाला टँकर, म्हणजे टाकी वाहणारा. हा शब्द मात्र आमच्या आयाबायांना कोणी शिकवावा लागत नाही. पोलादपूरच्या डोंगरात पाऊस शंभर इंचांच्या वर पडतो. पण उतार तीव्र आणि खाली कातळ. पाणी ओढ्याने सावित्रीला आणि सावित्रीने समुद्राला जाते. एप्रिल-मे आला की वरच्या काही वाड्यांत हंडे घेऊन टँकरची वाट पाहावी लागते. ज्या मुलखात टाकी कोरली गेली, त्याच मुलखात टँकरसाठी ताटकळावे, हे मनाला लागते.

पोराला मी एवढेच सांगितले, “बाळा, चवदार टँक म्हणजे तुझं चवदार तळंच. पण त्या पाण्यासाठी काय घडलं ते लक्षात ठेव.” २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह त्या तळ्यावर गेले आणि तिथले पाणी प्याले. नगरपालिकेने १९२४ सालीच ते खुले करण्याचा ठराव केला होता, पण अस्पृश्य म्हणून दूर ठेवलेल्यांना पाणी घेऊ देत नव्हते. पुढे फिर्याद झाली, नऊ वर्षांहून अधिक काळ चालली. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, की त्यांना मज्जाव करण्याची जी अनादी रूढी वादी सांगत होते, ती सिद्ध होत नाही. त्या इंग्रजी निकालपत्रातही तळ्याला टँकच म्हटले आहे. टँक म्हणजे टाकी एवढेच ठाऊक असलेल्या माणसाला वाटेल, एका टाकीसाठी एवढा खटला?

तेव्हा इंग्रजी कागद हाती आला आणि त्यावर टँक दिसला, तर आधी पाहा : टाकी, तलाव, तळे की रणगाडा? आणि तुमच्या गावाच्या वर एखादे जुने टाके गाळाने भरले असेल, तर मृगाच्या आधी चार हात लावून ते उपसा. पागोळीचे पाणीही एखाद्या टाकीत धरून पाहा.

पुढच्या खेपेस ‘लाइन’ हा शब्द घेऊ. रेशनची लाइन वेगळी, विजेची लाइन वेगळी आणि ‘पोरगा लाइनीला लागला’ ती तिसरीच. तोवर रामराम.