मालकही सरकार, पहारेकरीही सरकार

जुगाराविषयी आपल्या शासनाचे मत नेमके काय आहे, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याचे सरळ उत्तर देणे कठीण आहे. १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे आणि त्याच्या आधारे वणी, पुसद, उमरखेड, पांढरकवडा अशा गावांतून मटक्याच्या चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांवर पोलीस गुन्हे नोंदवितात. त्याच गावांत वित्त विभागाच्या अधिपत्याखालील राज्य लॉटरीचे तिकीट मात्र राजरोस विकता येते. भारतीय दंड संहितेच्या कलम २९४-अ ने खाजगी सोडतीचे कार्यालय चालविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास सांगितला होता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ नेही तेच सांगितले. अपवाद एकच : लॉटरी शासनाची, किंवा शासनाने मान्य केलेली असली म्हणजे तो गुन्हा नव्हे. कृत्य तेच, पैसा लावणारा माणूस तोच, नशिबाचा हवाला तोच. केवळ शिक्का बदलला की अपराधाची लोकसेवा होते.

महाराष्ट्र राज्य लॉटरीचा आरंभ १९६९ मधला. मुख्यमंत्रिपदी त्या वेळी या जिल्ह्याचेच सुपुत्र, पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक होते. जनतेला मटक्यासारख्या बेकायदा जुगारापासून परावृत्त करावे आणि त्याचबरोबर राज्याच्या महसुलात भर घालावी, असा दुहेरी हेतू या योजनेमागे सांगण्यात आला. हेतूच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मटक्याने त्या दशकात मुंबई व्यापली होती आणि त्याची बीजे, योगायोग असा की, कापसातच होती. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव तारेने मुंबईस येत व त्या आकड्यांवर पैजा लागत. १९६१ च्या सुमारास हा मार्ग बंद झाला, तेव्हा १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आकडे काढण्याची स्वतःची तजवीज केली. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द मात्र राहिले. ज्या जिल्ह्याने कापूस पिकविला त्या जिल्ह्यातील हमालापासून शिपायापर्यंत माणसे पुढे जे आकडे लावू लागली, त्यांचे कूळ कापसाच्या भावाचेच होते, हे फार थोड्यांस ठाऊक असेल.

लॉटरीच्या बारा वर्षे आधी, १९५७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाच्या मुंबई राज्याच्याच एका खटल्यात, आर. एम. डी. चमारबागवाला प्रकरणात, जुगाराविषयी निःसंदिग्ध मत दिले होते. ऋग्वेदातील द्यूतकाराच्या सूक्तापासून महाभारतापर्यंतचे दाखले घेऊन न्यायालयाने असे ठरविले की, जुगार हा व्यापार-उदीम नव्हेच. म्हणून व्यापाराच्या स्वातंत्र्याचे घटनात्मक संरक्षण त्यास मिळू शकत नाही. जे व्यापार या संज्ञेसही पात्र नाही ते शासनाने स्वतः करावे काय, हा प्रश्न तेथेच उभा राहावयास हवा होता. तो राहिला नाही.

मग मटका आटोक्यात आला काय? अनुभव उलट आहे. मटक्याचा भरभराटीचा काळ हा राज्य लॉटरी सुरू झाल्यानंतरचाच होय. आठवड्यातून एकदा निघणारी सोडत, रोख पैसे आणि छापील तिकीट यांची गाठ रोज दोनदा निघणाऱ्या, उधारीवर चालणाऱ्या आणि रुपया-दोन रुपयांतही भागणाऱ्या आकड्याशी होती. त्यात शासन जिंकणार कसे? जिंकायचे तर शासनालाही मटकेवाल्याच्या वेगाने धावणे भाग होते, आणि पुढे यंत्रावरील लॉटरीच्या काळात दिवसभर सोडती निघू लागल्या तेव्हा ते घडलेच. जुगार आवरण्यासाठी निघालेले शासन जुगाराच्या शर्यतीत उतरले.

याहूनही मोठी किंमत कायद्याच्या अंगाने मोजावी लागली व तिची चर्चा वृत्तपत्रांतून फारशी होत नाही. संसदेच्या १९९८ च्या लॉटरी नियमन कायद्याने काही चांगल्या अटी घातल्या : एक आकडी लॉटरी नको, तिकिटे शासनानेच छापावीत, सोडत शासनानेच काढावी, एका लॉटरीची आठवड्यात एकाहून अधिक सोडत नको. राज्यांना परराज्यांच्या लॉटऱ्यांवर बंदी घालण्याचा अधिकारही कलम ५ ने दिला. परंतु १९९९ मध्ये बी. आर. एन्टरप्रायझेस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या अधिकाराचा अर्थ स्पष्ट केला : जे राज्य स्वतः लॉटरी चालवीत नाही, तेच इतरांच्या लॉटरीस मज्जाव करू शकते. स्वतःचे दुकान उघडे ठेवून शेजाऱ्याचे दुकान नीतीच्या नावाने बंद करता येणार नाही, असा त्याचा साध्या भाषेतील अर्थ. ईशान्येकडील छोट्या राज्यांच्या लॉटऱ्या महाराष्ट्राच्या बाजारपेठेत आल्या तेव्हा त्यांच्यावर कर बसविण्यापलीकडे महाराष्ट्राच्या हाती फारसे काही उरले नव्हते. आपल्या लॉटरीतून पडणाऱ्या उत्पन्नासाठी राज्याने नाही म्हणण्याचा आपला अधिकार गहाण टाकला होता.

शासनाने जुगार चालवायचा आणि त्यावर नजरही शासनानेच ठेवायची, या कल्पनेचे पूर्ण वाढलेले रूप पाहावयाचे तर फिलिपाइन्सकडे वळावे लागेल. लष्करी कायद्याच्या अमलात फर्डिनंड मार्कोस यांनी १९७७ च्या आरंभी हुकमान्वये एक शासकीय महामंडळ स्थापिले. 'पॅगकॉर' या आद्याक्षरी नावाने ते ओळखले जाते. हे महामंडळ स्वतःचे कॅसिनो चालविते, खाजगी कॅसिनोंना परवाने देते, त्यांची तपासणी करते आणि उत्पन्नाचा निम्मा वाटा सरकारी तिजोरीत भरते. येथेही मूळ युक्तिवाद आपल्यासारखाच होता : बेकायदा अड्डे मोडायचे आणि पैसा लोकोपयोगी कामास लावायचा. १९९१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने या व्यवस्थेस घटनात्मक मान्यता दिली. २०१६ पासून याच महामंडळाने परदेशी गिऱ्हाइकांसाठी इंटरनेटवर जुगार चालविणाऱ्या कंपन्यांना परवाने देण्यास सुरुवात केली. परवान्याचे शुल्क येत राहिले आणि त्यांच्या आडोशाने फसवणूक व मनुष्यव्यापार यांचे अड्डेही उभे राहिले. अखेर जुलै २०२४ मध्ये मार्कोस यांच्याच पुत्रास, आता अध्यक्ष या नात्याने, या सर्व कंपन्यांवर बंदी जाहीर करावी लागली. आता महामंडळाचे धुरीणच स्वतःचे कॅसिनो विकून केवळ नियामक राहण्याची भाषा बोलत आहेत. चालक आणि नियामक एकाच कातडीत नांदू शकत नाहीत, हे त्यांना कळावयास जवळजवळ अर्धे शतक लागले.

मनिलात लष्करी कायदा होता तेव्हा आपल्याकडे आणीबाणी होती, आणि त्याच काळात, १९७६ मध्ये, महाराष्ट्राच्या विधिमंडळानेही कॅसिनो नियंत्रण व कर कायदा संमत केला होता. तो अमलात कधीच आणला गेला नाही. एकामागून एक आलेल्या सरकारांनी त्यास ना लागू केले, ना रद्द केले. सत्तेचाळीस वर्षे तो कपाटात पडून राहिला आणि २०२३ मध्ये राज्य शासनाने तो मोडीत काढला. राज्यात कॅसिनो नको हा निर्णय स्वागतार्हच. मात्र कॅसिनो नको म्हणणाऱ्याच शासनाने लॉटरी हवी म्हणावे, यातील विसंगतीकडे कोणाचे लक्ष गेल्याचे दिसले नाही.

शेजारच्या गोव्याने दुसरी वाट धरली. १९७६ च्या जुगारबंदी कायद्यातच १९९२ मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांना आणि १९९६ मध्ये पाण्यावरील जहाजांना मोकळीक देण्यात आली. मांडवीतील जहाजांचे दिवे त्यातूनच आले. फेब्रुवारी २०२० पासून मात्र खुद्द गोमंतकीयांना कॅसिनोत खेळण्यास बंदी करण्यात आली. जे आपल्या लेकरांस वाईट ते पाहुण्यांस चांगले, असा हा न्याय! आणि कॅसिनोवर देखरेख ठेवणारा गेमिंग आयुक्त म्हणून नेमला कोण, तर राज्याचा कर आयुक्त. ज्याच्या कामाचे मोजमाप वसुलीवर होते, त्याने वसुली घटेल असा निर्णय घ्यावा, ही अपेक्षाच मुळी अवास्तव आहे. आपल्याकडील नमुना तर अधिकच मजेदार : अल्पबचत आणि राज्य लॉटरी या दोहोंचा कारभार एकाच आयुक्तालयाकडे. शिक्षकांना आणि कारकुनांना काटकसरीचे धडे देणारी पाटी व तिकीट खपविणारी पाटी एकाच दारावर लागलेली आहे.

यवतमाळच्या वाचकास हे समजावयास मनिला वा पणजीपर्यंत जाण्याची खरे तर गरज नाही. १९७२ पासूनची एकाधिकार कापूस खरेदी योजना येथील प्रत्येक घराने पाहिली आहे. तिचा उद्देश उत्तम होता. व्यापाऱ्याच्या जाचातून शेतकऱ्यास सोडविण्याचा होता. परंतु खरेदीदार शासनाचा, प्रत ठरविणारा शासनाचा, भाव जाहीर करणारे शासन आणि बाहेर कापूस विकू पाहणाऱ्याची गाडी अडविणारेही शासन. सीमेपलीकडे आदिलाबादेत भाव चढला की येथला कापूस चोरवाटेने तिकडे जाई, चुकाऱ्यास उशीर झाला की तक्रार करावयाची ती ज्याच्याकडे पैसे अडकले त्याच्याचकडे. कापूस ही निदान जीवनावश्यक वस्तू होती. जुगाराच्या धंद्यात हीच रचना वापरली की तक्रार करणाराही उरत नाही, कारण हरलेला माणूस लाजेने गप्प बसतो.

दुसरी बाजूही विचारात घ्यावयास हवी. केरळने १९६७ मध्ये देशातील पहिली राज्य लॉटरी सुरू केली. तिची वार्षिक उलाढाल आज दहा हजार कोटी रुपयांच्या पुढे गेली आहे, असंख्य अपंग आणि वृद्ध विक्रेत्यांची चूल तिच्यावर पेटते आणि 'कारुण्य' लॉटरीच्या उत्पन्नातून गरीब रुग्णांच्या उपचारांस साहाय्य झाले, हे नाकारता येणार नाही. याच उदाहरणाने प्रभावित होऊन महाराष्ट्रातही राज्य लॉटरीच्या बळकटीचा विचार करण्यासाठी २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आमदार सुधीर मुनगंटीवार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. (चंद्रपूरची २०१५ ची दारूबंदी याच नेत्याच्या आग्रहाने झाली होती आणि २०२१ मध्ये ती उठविताना महसुलाची बाब चर्चेत होतीच, हे जाता जाता नमूद करावयास हरकत नाही.) परंतु केरळची उलाढाल म्हणजे केरळचे उत्पन्न नव्हे. बक्षिसे, विक्रेत्यांचे कमिशन आणि कर यांत तिचा फार मोठा भाग जातो. सप्टेंबर २०२५ पासून तर लॉटरीवर ४० टक्के वस्तू व सेवा कर बसला आहे. हातात उरणाऱ्या रकमेसाठी सरकारने जो खटाटोप करावयाचा, त्यात तिकिटे अधिकाधिक खपविण्याची गरज अंतर्भूत आहे. तिकिटे घेणार कोण? ज्याच्यापाशी शिल्लक आहे तो बँकेत ठेव ठेवतो. ज्याला शिल्लक पडण्याची आशाच उरलेली नाही तो तिकीट घेतो. दोन हंगाम बुडालेल्या कास्तकाराला तिसऱ्या हंगामाच्या आशेहून सोडतीची आशा अधिक खरी वाटू लागावी आणि ती आशा त्याला शासनानेच विकावी, ही गोष्ट महसुलाच्या तक्त्यात मावणारी नाही.

केंद्राचे वर्तनही फार निराळे नाही. भ्रमणध्वनीवरील पैशाच्या खेळांवर ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के कर घेण्यात आला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने त्याच खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. बंदी योग्यच, गावोगावच्या तरुण पोरांचे पगार आणि बापाच्या पीककर्जाचे पैसे त्या पडद्यात जात होते. प्रश्न इतकाच की, मधली दोन वर्षे सरकार वाटेकरी होते की पहारेकरी?

लॉटरी आजच बंद करा, असा हट्ट येथे धरावयाचा नाही. विक्रेत्यांच्या पोटाचा प्रश्न खरा आहे. पण समितीपुढे जो विषय आहे त्यात बळकटीच्या आधी विभागणी यावयास हवी. तिकीट विकणारे खाते वित्त विभागाकडे राहावयाचे असेल तर सोडतीची तपासणी, जाहिरातींची मर्यादा, विक्रेत्यांच्या तक्रारी आणि न मागितल्या गेलेल्या बक्षिसांचा हिशेब या गोष्टी वित्त विभागाबाहेरील, थेट विधिमंडळास उत्तरदायी असलेल्या यंत्रणेकडे सोपविल्या पाहिजेत. अल्पबचतीची पाटी लॉटरीच्या दारावरून काढावी. आणि कोणत्या तालुक्यात किती तिकिटे खपली, कितीची बक्षिसे त्या तालुक्यात परतली, याचा तक्ता दरवर्षी अर्थसंकल्पाबरोबर सभागृहापुढे ठेवावा. राळेगाव, मारेगाव, झरी-जामणी या तालुक्यांच्या ओळी त्यात कशा दिसतात, ते येथील आमदारांनी तरी एकदा वाचून दाखवावे.