आजोबांचा आवाज आणि ४८ हर्ट्झ

मंडळी, गेले तीन वीकांत एका डीव्हीडीपायी गेले. हो, डीव्हीडीच! घरात आता ती चालवायचं यंत्रसुद्धा नाही. शेवटी ऑफिसातल्या एका मित्राकडून जुना यूएसबी ड्राइव्ह मागून आणला. रूममेटने दोनदा विचारलं, "अरे, नेट बंद पडलंय का?"

तर झालं असं. २००६ साली सांगलीला माझी मुंज झाली. शूटिंगवाल्यांनी तिची डीव्हीडी करून दिली आणि बाबांनी कॉपीज नातेवाइकांत वाटल्या. एक आत्याबरोबर न्यू जर्सीला गेली. तिथल्या प्लेयरमध्ये ती चालेचना. कोणीतरी तिला सांगितलं, रीजन कोडचा घोळ आहे म्हणून. हा गैरसमज मी इतक्या लोकांकडून ऐकलाय! रीजन कोड म्हणजे सिनेमा विकणाऱ्यांनी लावलेलं कुलूप. अमेरिकेचा १, आपला ५. घरगुती मुंजीच्या डिस्कला कोण कुलूप लावणार? भानगड वेगळीच होती. आपली डिस्क पाल, तिचा टीव्ही एनटीएससी.

हे दोन पंथ का, याचं मूळ विजेच्या खांबावर आहे. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, युरोपात आणि आपल्याकडे ५० ची. सुरुवातीच्या टीव्हींनी चित्राचा वेग त्या विजेशी जुळवून घेतला आणि तो पुढे तसाच चिकटला. अमेरिकेत सेकंदाला ३० चित्रं (१९५३ मध्ये रंग आल्यावर २९.९७, त्या पॉइंटने आजवर किती इंजिनियरांचं डोकं खाल्लं असेल!), आपल्याकडे २५. डीव्हीडीवर त्यांच्या ४८० ओळी, आपल्या ५७६. जर्मनीत तयार झालेलं पाल आपण १९८२ मध्ये, एशियाडच्या वेळी, रंगीत दूरदर्शनसाठी घेतलं. गंमत म्हणजे आपल्याकडचे बहुतेक प्लेयर दोन्ही खपवून घ्यायचे. अमेरिकेतले बरेचसे फक्त आपलंच तेवढं ओळखायचे. तिथे पालची गरज कोणाला होती? एका आत्याला.

मग आत्याने तिथल्या एका दुकानात पैसे मोजून डिस्क 'कन्व्हर्ट' करून घेतली आणि मूळची टाकून दिली. आता तीच चालते म्हटल्यावर ती कशाला ठेवायची, नाही का?

इकडे आमची डिस्क या वर्षी कपाटातून काढली तर एकही ड्राइव्ह ती वाचेना. घरी बर्न केलेल्या डिस्कमध्ये रंगद्रव्याचा थर असतो, तो कालांतराने खराब होतो. वाटलेल्या बाकीच्या कॉपीज कोणाकडेच सापडल्या नाहीत. म्हणजे उरली फक्त आत्याची. आणि त्या डिस्कवर माझे आजोबा आहेत. मंगलाष्टकांतलं शेवटचं कडवं त्यांनी स्वतः रचलेलं आणि स्वतःच म्हटलं होतं. २००९ मध्ये ते गेले. त्यांच्या आवाजाचं दुसरं रेकॉर्डिंग आमच्याकडे नाही.

आत्याने डिस्क पाठवली. लावली. बाबा ऐकत बसले आणि म्हणाले, "अण्णांचा आवाज एवढा जड नव्हता रे."

मला आधी वाटलं, वयाचा परिणाम, बाबांच्या. पण कार्यालयाचा माईक मागे सतत 'हूंऽऽ' करत होता. ती गुणगुण विजेची, म्हणजे आपल्याकडे ५० हर्ट्झच्या आसपासच असणार. ऑडॅसिटीत तिचा आलेख काढला, तर टोक ४८ च्या जवळ! दुसरं टोक १०० ला हवं, ते ९६ ला. सांगलीत तेव्हा भारनियमन होतं, मान्य, पण ४८ हर्ट्झची वीज? छे. दुकानदाराने सिनेमासाठी वापरतात ती युक्ती केली होती: सेकंदाला २५ चित्रांऐवजी २३.९७६ चालवायची, मग तीच पुन्हा पुन्हा दाखवून २९.९७ भरून काढायची. चार टक्के संथ. ५० चे बरोबर ४७.९५ होतात. आजोबांचा सूर अर्ध्या स्वराहून थोडा कमी उतरला होता.

(उलटा प्रकार आपण लहानपणी टीव्हीवर सर्रास पाहिलाय. २४ चित्रांचा सिनेमा पालवर २५ ने पळवला की अडीच तासांचा खेळ सहा मिनिटं आधी संपतो, आणि नायकाचा आवाज जरा चढतो.)

वेग दुरुस्त करणं सोपं, १.०४२७ ने गुणलं, झालं. पण बाकीचं? ओळींचा सहावा हिस्सा गेला. व्हिडिओ कॅमेरा सेकंदाला ५० अर्धी चित्रं टिपतो, त्यातले निम्मे क्षण गेले. अक्षता पडतात त्या आता तुटक पडतात. हे कुठलंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. एआयने 'वाढवून' देतो म्हणणारे तो तपशील स्वतःच्या मनाने रंगवतात.

म्हणून माझा राग कन्व्हर्ट करण्यावर नाही, मूळ फेकण्यावर आहे. आजही गल्लोगल्ली 'जुन्या डीव्हीडी पेनड्राइव्हवर' अशा पाट्या आहेत आणि तिथेही बहुतेकदा तेच होतं, निम्मे क्षण कापून एक गुळगुळीत फाइल हातात. त्यांना सांगा, व्हीओबी फाइल्स जशाच्या तशा कॉपी करून द्या. पाल असो की एनटीएससी, आजच्या कुठल्याही लॅपटॉपवर व्हीएलसी दोन्ही निमूट चालवतो. ज्या कारणासाठी कन्व्हर्ट करायचो ते कारणच उरलेलं नाही.

दुरुस्त केलेली फाइल आत्याला पाठवली. रात्री तिचा फोन. "छान केलंस रे, पण हे अण्णा वाटत नाहीत. घाईत म्हटल्यासारखं वाटतंय." बाबा म्हणतात, हेच अण्णा. मी तिला ४८ हर्ट्झ समजावून सांगायला लागलो आणि मध्येच थांबलो. जवळपास वीस वर्षं तिने तोच आवाज ऐकलाय. तिची फाइलही ठेवली आहे, तशीच, संथ.

परवा सांगलीच्या शूटिंगवाल्यांचा नंबर मिळाला. त्यांचा मुलगा म्हणाला, माळ्यावर मिनीडीव्ही टेपांची दोन खोकी आहेत, पण लेबलं गळून पडलीत, तुम्ही येऊन शोधा. पुढच्या शनिवारचं तिकीट काढलंय. तोवर कोणाकडे चालू मिनीडीव्ही कॅमेरा असेल तर कळवा, प्लीज!