चिठ्ठी देतो, पण आधी जाऊन या!

दहावीचा निकाल लागला की आमच्या धर्मग्रामाच्या कार्यालयासमोर रांग लागते. आठवड्याच्या मिस्साला न दिसणारी ही गर्दी 'चिठ्ठी'साठी असते. वडिलांच्या हातात फाईल, तिच्यात गुणपत्रिका आणि बाप्तिस्म्याचा दाखला. आईच्या चेहऱ्यावर काळजी. आणि दोघांच्या मागे, दाराच्या चौकटीला टेकून उभे असलेले त्यांचे लेकरू. "फादर, मायनॉरिटी कोट्यासाठी एक चिठ्ठी हवी होती." मी विचारतो, "कोणत्या कॉलेजसाठी?" उत्तर वडील देतात. "कोणती शाखा?" उत्तर आई देते. "ते कॉलेज तुम्ही पाहिले आहे का?" या प्रश्नाला मात्र तिघांपैकी कोणीच उत्तर देत नाही. एका गृहस्थांनी तर वाणिज्य शाखेसाठी अशा महाविद्यालयाची चिठ्ठी मागितली, की जेथे ती शाखाच नव्हती!

वाचकहो, घरासाठी साधा दरवाजा करून घ्यायचा तर आपण सुताराच्या दारी चार खेपा घालतो. लाकूड ठोकून पाहतो, त्याने पूर्वी केलेले काम पाहून येतो. मुलीचे स्थळ पाहायला तर अख्खे कुटुंब जाते. आणि जेथे आपले मूल वयाची सोळा ते एकवीस ही घडणीची वर्षे घालवणार, ती वास्तू केवळ नाव ऐकून पसंत करतो! हा निष्काळजीपणा आहे, आणि त्याला आपण 'मुलांच्या भविष्याची काळजी' असे गोंडस नाव दिले आहे.

हे मी रागाने लिहितो आहे. पण त्यातला बराचसा राग माझा स्वतःवरचा आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका मुलाला मी चिठ्ठी दिली. मराठी माध्यमातला, हाताने यंत्रे उघडून जोडण्यात रमणारा मुलगा. वडिलांना मुंबईतले नावाजलेले महाविद्यालय आणि विज्ञान शाखाच हवी होती. मी सही केली, शिक्का मारला आणि 'पुढचा या' म्हणालो. दिवाळीनंतर तो घरातून कॉलेजला म्हणून निघे आणि दिवसभर फलाटावरच्या बाकावर बसून राही, हे फार उशिरा कळले. वर्ष वाया गेले, आणि बापलेकांचे बोलणेही तुटले. पुढे तो मला म्हणाला, "फादर, ते कॉलेज मी पहिल्यांदा पाहिले ते फी भरायच्या दिवशी. आणि मला काय हवे, हे तुम्हीसुद्धा विचारले नाही." त्या चिठ्ठीवर सही माझी होती. हे वाक्य मी अजून विसरू शकलेलो नाही.

मत्तयच्या शुभवर्तमानात जब्दीच्या पुत्रांची आई येशूकडे येते. तिलाही दोन जागाच हव्या होत्या, एक उजवीकडे आणि एक डावीकडे! प्रभूने त्या माउलीला हिडीसफिडीस केले नाही. परंतु 'तुम्हांला हा प्याला पिता येईल काय' हे त्याने आईला विचारले नाही, तर त्या दोघा पुत्रांना विचारले आणि उत्तरही त्यांच्याच तोंडून घेतले. प्याला ज्याला प्यायचा आहे, त्याला विचारावे, ही प्रभूची रीत. आपण मात्र जागा मागतो आणि प्याल्याविषयी अवाक्षरही काढत नाही.

'आईवडील हेच मुलांचे पहिले शिक्षक' हे व्हॅटिकन परिषदेचे सूत्र काही पालक मला ऐकवतात. खरेच आहे. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी परिषदेने शिक्षणावर जो जाहीरनामा प्रसिद्ध केला, त्यात ते आहे. परंतु मुलांच्या ठायी जबाबदारीची जाण आणि खरे स्वातंत्र्य हळूहळू परिपक्व व्हावे, हेही शिक्षणाचे प्रयोजन म्हणून त्याच जाहीरनाम्यात सांगितले आहे. पहिला शिक्षक याचा अर्थ कायमचा मालक असा नव्हे.

दुसरा आक्षेप येतो तो 'आता सगळे ऑनलाइन आहे, आमच्या हातात काय?' असा. २०२५ पासून अकरावीची ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया संपूर्ण राज्याला लागू झाली, हे खरे. पण त्या अर्जात १ ते १० पसंतीक्रम कोण भरतो? संगणक भरत नाही, आपण भरतो. बहुधा शेजाऱ्याच्या मुलाने भरलेली यादी पाहून. संविधानाच्या ३०व्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. त्या हक्काच्या जोरावर आपल्या वाडवडिलांनी, धर्मगुरूंनी आणि धर्मभगिनींनी संस्था उभ्या केल्या. आणि त्याच हक्काच्या फळातून आपण 'पसंती' हा शब्दच गाळून टाकावा?

तिसरा आक्षेप रोजगाराचा. 'एक दिवस खाडा झाला तर पगार कापतात, फादर.' या आक्षेपापुढे मी मान लववतो. परंतु ज्याला खाडा परवडत नाही, त्याला वाया गेलेले वर्ष तर मुळीच परवडत नाही. वडिलांना शक्य नसेल तर मामाने जावे, शिकलेल्या आतेबहिणीने जावे. कोणीच नसेल तर मला सांगा. मी येतो.

आणि जायचे ते कसे? महोत्सवाच्या दिवशी नको, साध्या दिवशी जा. प्रवेशाच्या धांदलीत नव्हे, तर मूल नववी-दहावीत असतानाच जा. आधी कार्यालयात विचारून, परवानगी घेऊन जा. सकाळी सातच्या तासाला चर्चगेटकडे पोहोचायचे असेल, तर वसईच्या आतल्या गावातून पहाटे पाचच्या सुमारास निघावे लागते. सुमारे ५० किलोमीटरचा तो लोकलचा प्रवास कॉलेजच्याच वेळेला मुलासोबत एकदा करून पाहा. ग्रंथालयात मुले बसलेली दिसतात की नुसती कपाटे? प्रयोगशाळेत उपकरणे हाताळली जातात की कुलपात असतात? मुलींची स्वच्छतागृहे कशी आहेत? मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला इंग्रजीत अडखळताना प्राध्यापक सावरतात की हसतात? हे माहितीपत्रकात सापडत नाही. कँटीनमध्ये दुसऱ्या वर्षाच्या मुलाला विचारा, तो सांगेल. प्रश्न तुमच्या मुलाला विचारू द्या. आणि परतीच्या गाडीत आधी तुम्ही बोलू नका. त्याला बोलू द्या.

ज्या 'इंटिग्रेटेड' व्यवस्थेत नाव एका महाविद्यालयात आणि मूल मात्र अहोरात्र क्लासमध्ये, तेथे पाहायला जाण्यासारखे काही उरतच नाही. विज्ञान शाखेच्या मुलांची हजेरी बायोमेट्रिक यंत्राने घ्या, असा आदेश शासनाला २०१८ साली काढावा लागला, यातच सगळे आले. ते शिक्षण नव्हे, ते गुणांचे कारखाने.

पालकांना इतके सुनावल्यावर आम्ही धर्मगुरूंनी स्वतःला मोकळे सोडू नये. मिस्सानंतर वेदीसमोर बोलावून आम्ही सत्कार करतो तो नव्वद टक्क्यांवाल्यांचा. आयटीआयत जाऊन फिटर होणाऱ्या मुलाला पुष्पगुच्छ देताना मी कधी कोणा धर्मगुरूला पाहिले नाही. मीही दिला नाही. नाझरेथच्या सुताराला प्रभू मानणाऱ्यांनी हे करावे? आणि आपल्या कॅथलिक संस्थांनीही वर्षातून काही दिवस तरी पालकांसाठी फाटक उघडावे. फाटकावरच्या रखवालदाराने 'निकालानंतर या' म्हणून परतवलेली कुटुंबे मी पाहिली आहेत.

चिठ्ठी मी कोणाचीही अडवणार नाही. तो तुमचा हक्क आहे, माझी मेहेरबानी नव्हे. मात्र यंदापासून कार्यालयात एक बदल केला आहे. टेबलासमोरची खुर्ची आता मुलासाठी आहे. आईवडिलांनी मागच्या बाकावर बसावे. पहिला प्रश्न मी त्या मुलाला विचारणार आहे, "बाळ, तू जाऊन पाहिलेस का? तुला तेथे काय आवडले?" त्याला उत्तर देता यावे, एवढी तयारी करून या.