पथ्य की उपासमार?

आमच्या किनारपट्टीवर कोणाच्या अंगावर चट्टे उठले, की डॉक्टरपूर्वीच शेजारपाजार निदान करून मोकळा होतो. मासळी सोडा, अंडे सोडा, वांग्याकडे तर पाहूही नका! बिचारा रुग्ण भात आणि लोणच्यावर महिना काढतो. दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने कोड फुटते, ही समजूत तर सुशिक्षितांच्या घरांतही ठाण मांडून बसली आहे. तिला शास्त्राचा आधार नाही. काहींना विशिष्ट मासळीचे वावडे असते, हे आम्हांस मान्य आहे. परंतु एकाचे वावडे सर्वांचे पथ्य होऊ लागले, म्हणजे अनर्थ ओढवतो. कारण त्वचेचे काही विकार खाल्ल्याने नव्हे, तर न खाल्ल्याने होतात.

याचा बोलका दाखला म्हणजे पेलाग्रा हा रोग. खरखरीत कातडी, असाच या इटालियन नावाचा अर्थ. हात, पाय, मान असा उन्हात उघडा राहणारा भाग दोन्ही बाजूंस सारखाच काळवंडतो व सोलवटतो. पुढे जुलाब लागतात, बुद्धिभ्रंश होतो आणि उपचार न झाल्यास मृत्यू ओढवतो. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेच्या दक्षिण भागात या रोगाने थैमान घातले, तेव्हा तो संसर्गजन्य असल्याचा अनेकांचा ग्रह होता. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी मात्र रुग्णाच्या ताटाकडे पाहिले. अनाथाश्रमांतील मुलांना दूध, अंडी, मांस व कडधान्ये मिळू लागताच रोग हटला. उलट, १९१५ साली मिसिसिपीतील तुरुंगाच्या शेतावर ११ धडधाकट कैद्यांना मक्याच्या निकस अन्नावर ठेवले, तेव्हा त्यांतील ६ जणांच्या अंगावर तो उमटला. उणीव नियासिन या जीवनसत्त्वाची होती, हे १९३७ मध्ये कॉनराड एल्व्हेजेम यांच्या संशोधनाने उघड झाले.

ही केवळ परदेशची कथा नव्हे. दख्खनच्या पठारावर ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या गरिबांत हाच रोग आढळे. हैदराबादेत डॉ. सी. गोपालन व डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० च्या सुमारास त्याचा अभ्यास केला. ज्वारी खाणे हा काही गुन्हा नव्हे. ज्वारीखेरीज ताटात दुसरे काहीच नसणे, हे खरे दुखणे.

गोमंतकीयाचे जुने ताट या बाबतीत भाग्यवान म्हणावे लागेल. भात उकडताना कोंड्यातील जीवनसत्त्वांचा काही अंश दाण्यात उतरतो. म्हणूनच उकड्या तांदळाची पेज पांढऱ्याशुभ्र, सडलेल्या तांदळाच्या भाताहून सकस. तिच्या जोडीचा बांगडा तर नियासिनने संपन्न. आज मासळीचे दर गरिबाच्या आवाक्याबाहेर जात आहेत, आणि दारूच्या आहारी गेलेल्याचा तर आहारच सुटतो. पेलाग्रा आता विरळा झाला असला, तरी जेथे तो दिसतो, तेथे बहुधा दारू किंवा उपासमार यांपैकी एक असतेच.

प्रत्येक चट्टा ताटातूनच येतो, असा आमचा दावा नाही. खरूज, नायटा, कुष्ठरोग यांची कारणे वेगळी आहेत आणि त्यांवर औषधच हवे. तथापि आरोग्यकेंद्रांत मलमाची नळी हाती देण्यापूर्वी ‘काय जेवता? किती पिता?’ हे दोन प्रश्न विचारले जावेत. शाळेच्या माध्यान्ह आहारातील उसळीत कडधान्य किती आणि पाणी किती, हेही अधिकाऱ्यांनी स्वतः पाहावे. गोरेपणाच्या मलमांवर घरोघरी जो पैसा उधळला जातो, त्याचे शेंगदाणे आणि डाळ आणली, तर कातडीचे अधिक कल्याण होईल. आणि शेजारधर्म पाळायचाच असेल, तर रुग्णाच्या ताटातला बांगडा काढून घेण्यापूर्वी आधी डॉक्टरला विचारावे, एवढेच आमचे सांगणे आहे.