पुडी एक, पाणी एक लिटर

कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले की थोड्या वेळाने पातेल्याच्या तळाशी पाणी जमते. उलट, शीरखुर्म्यासाठी भिजत घातलेली खारीक रात्रभरात फुगून टम्म होते. कारण एकच. पेशीच्या पडद्यातून पाणी सहज ये-जा करते, विरघळलेले मीठ-साखर तितके सहज जात नाही. त्यामुळे पाणी विरळ बाजूकडून दाट बाजूकडे ओढले जाते. शाळेत याला परासरण म्हणतात. मुले व्याख्या घडाघडा म्हणून दाखवतात आणि विसरतात.

हे दाट-विरळ कणांच्या संख्येवर ठरते, ते कण कशाचे आहेत यावर नाही. साखरेचा रेणू पाण्यात अख्खा राहतो. मिठाचे सोडियम आणि क्लोराइड असे दोन कण होतात, शिवाय ते वजनाने हलके. म्हणून वजनाला वजन घेतले तर मिठाचा जोर साखरेच्या सुमारे बारा पट. (कुल्फीच्या साच्याभोवती बर्फात खडे मीठ घालतात, तोही याच कणांचा प्रताप.)

आता मुद्द्याचे. पावसाळ्यात घरोघरी लेकरांना जुलाब होतात आणि ओआरएसची पुडी येते. 20.5 ग्रॅमची ही पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. पण ‘एवढेसे पोर लिटरभर थोडेच पिणार?’ म्हणून आपल्या कितीतरी भगिनी ती एका पेल्यात कालवतात. हिशेब करा. लिटरभर पाण्यात या द्रावणाचा आकडा 245, आपल्या रक्ताचा 290च्या आसपास. द्रावण रक्तापेक्षा विरळ, म्हणून पाणी आतड्यातून रक्तात जाते. ग्लुकोज सोडियमला सोबत नेते, त्यामागे पाणीही जाते. तीच पुडी 200 मिलिलिटरच्या पेल्यात घातली की आकडा बाराशेच्या वर, समुद्राच्या पाण्याहूनही दाट! मग आतडेच शरीरातले पाणी ओढून घेते. जुलाब वाढतात, रक्तात मीठ वाढून मुलाच्या जिवावर बेतू शकते. आणि दोष पुडीला!

1971 साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव छावणीत कॉलरा पसरला. सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचे पाणी पाजायला लावले. मृत्यूचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आले. पाजणारे बहुतेक रुग्णांचे नातेवाईकच होते.

तेव्हा लिटरची बाटली मोजून घ्या, पाणी उकळून गार करा, अख्खी पुडी घाला. छोटी 200 मिलिलिटरची पुडीही मिळते, वरचे वाचून घ्या. चवीसाठी साखर नको, दुधात किंवा थंड पेयात कालवणे नको. इफ्तारचे गोडमिट्ट शरबत तर अशा मुलाला मुळीच नको. पुडी नसेल तर लिटरला सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. आईचे दूध चालू ठेवा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने पाजा. डोळे खोल गेले, मूल सुस्त पडले, पाणी पिईना किंवा शौचात रक्त दिसले तर लगेच दवाखाना गाठा. उरलेले पाणी 24 तासांनंतर ओतून द्या.